आजीच्या डब्यातले चांदीचे रुपये: टांकसाळीची खूण कशी शोधायची, झीज कशी वाचायची, भाव कसा ठरतो

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मांडायचे चांदीचे रुपये आमच्या घरी आजीच्या पितळी डब्यात असत. धनत्रयोदशीला ते चिंचेच्या कोळात भिजत घालायचे, रांगोळीने घासायचे आणि लखलखीत करून आजीच्या हातात द्यायचे, हे काम माझं. आठ-दहा वर्षं मी ते मन लावून केलं. पुढे मोठेपणी त्यातले चार रुपये पुण्याच्या जुन्या बाजारात एका वयस्कर विक्रेत्याला दाखवायला नेले. त्यांनी पहिला रुपया उजेडाखाली जरासा तिरका केला आणि विचारलं, "ताई, हे कुणी घासलेत?" मग चारही उलटे करून तळाशी भिंग धरलं आणि एक बाजूला काढला. "हा बावीस सालचा. न घासता आणला असता तर वेगळा भाव सांगितला असता."

हे किती जुने आहेत, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. पृष्ठभाग कसा आहे आणि कुठल्या टांकसाळीत, कुठल्या वर्षी पडलेलं नाणं आहे, एवढंच पाहिलं. घरातले रुपये तपासायचे तर तुम्हीही असंच पाहायचं आहे. ब्रिटिश काळातले रुपये मराठी घरांमध्ये सर्वांत जास्त सापडतात, म्हणून बहुतेक उदाहरणं त्यांचीच घेते.

आधी हात आवरा

नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख, यातलं काहीही लावू नका. चांदीवरचा राखाडी-काळपट थर हा बहुतांशी गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो. तो नाण्याला अपाय करत नाही. उलट तो एकसारखा, निळसर-सोनेरी छटा घेऊन चढला असेल तर संग्राहक त्याला 'टोनिंग' म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे मोजतात.

नाणं ठशाखाली दाबलं जातं तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. त्या रेषांवरून परावर्तित होणारा उजेड म्हणजे मूळ चकाकी, ज्याला नाणेबाजारात 'लस्टर' म्हणतात. घासलं की या रेषा जातात. मग नाणं चमकतं, पण स्टीलच्या चमच्यासारखं सपाट चमकतं, आणि जाणकाराला ते दोन सेकंदांत कळतं. गेलेली चकाकी कुठल्याही उपायाने परत येत नाही.

नाण्याला चिकटपट्टीचा गोंद किंवा तेलाचा चिकटा असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवा, डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि मऊ कापडावर ठेवून वाळू द्या. कापडाने पुसू नका, टिपा. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. अॅसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे हे काम गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा.

साहित्य थोडकंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, लोहचुंबक आणि एकच बल्ब असलेला टेबललॅम्प. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात झीज दिसत नाही. नाणं नेहमी कडेने धरा. बोटांचा घाम तांब्याच्या नाण्यावर काही दिवसांत ठसा सोडतो, आणि तो कायमचा.

पहिली पायरी: धातूप्रमाणे वेगळे करा

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया सुरू केला. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकलं. १९४० पासून महायुद्धामुळे चांदी निम्म्यावर आली आणि उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल, जस्त मिसळलं गेलं. वजन तेवढंच राहिलं. १९४७ चा वाघ असलेला रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया चिकटला तर तो चांदीचा नाही, इथेच विषय संपतो.

जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, १९४० नंतरच्यात ५.८ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा. खऱ्या नाण्याची किंमत यापेक्षा खाली जात नाही. यापुढे जे काही मिळेल ते खुणेचं आणि स्थितीचं.

दुसरी पायरी: खूण शोधा

एकाच वर्षाचा, एकाच राजाचा रुपया दोन-तीन टांकसाळींत पडत असे. कुठे किती पडला यात प्रचंड फरक असायचा, आणि ते सांगणारी खूण मोहरीएवढीही नसते. ती जवळजवळ नेहमी मागच्या बाजूला, वर्षाच्या आसपास किंवा अगदी तळाशी असते.

राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर, म्हणजे आपल्या राणीछापावर, १८७४ नंतर मुंबईसाठी इंग्रजी 'बी' येतो, तळाशी, कधी उठावाचा तर कधी खोदलेला. कलकत्त्याच्या रुपयावर कधी खोदलेला 'सी' असतो, कधी काहीच नसतं. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुंबईचा 'बी' खोदलेला आहे आणि कलकत्त्याचा रुपया कोरा. पाचव्या जॉर्जपासून मुंबईने अक्षर सोडून टिंब घेतलं: तळाच्या कमळाखाली एक उठावाचा ठिपका. तो नसेल तर नाणं कलकत्त्याचं. सहाव्या जॉर्जच्या काळात लाहोरची टांकसाळ सुरू झाली, तिच्या नाण्यांवर इंग्रजी 'एल' सापडतो.

इथे दोन गल्लती हमखास होतात. व्हिक्टोरियाच्या १८४० च्या रुपयावर मानेच्या कापावर 'डब्ल्यू. डब्ल्यू.' अशी अक्षरं असतात. ती चित्र कोरणाऱ्या विल्यम वायन यांची आद्याक्षरं आहेत, टांकसाळीशी त्यांचा संबंध नाही. दुसरी गल्लत झिजलेल्या ठिपक्याची. जॉर्जच्या रुपयावरचा ठिपका तळाशी असल्यामुळे घासला जातो आणि मुंबईचं नाणं कलकत्त्याचं वाटतं. नाणं तिरकं करून दिवा बाजूने पाडा, ठिपक्याची सावली पडते का पाहा.

१८६२ चा राणीछाप मला सर्वांत रंजक वाटतो. हेच वर्ष १८७४ येईपर्यंत नाण्यांवर छापलं जात होतं, म्हणजे हातातला '१८६२' प्रत्यक्षात १८७० चाही असू शकतो. मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला वर्षाजवळ बारीक टिंबं टाकली, आणि त्यांच्या संख्येवरून नाणं कधी पडलं ते संग्राहक ओळखतात. साधा १८६२ चा रुपया मुबलक आहे, पण टिंबांच्या काही रचना दुर्मीळ आहेत. तुमच्या डब्यात १८६२ चे पाच रुपये असतील तर पाचही स्वतंत्रपणे भिंगाखाली घाला.

खुणेने आणि वर्षाने किती फरक पडतो ते पाचव्या जॉर्जच्या दोन रुपयांवरून पाहा. १९१८ मध्ये एकट्या मुंबईत २१ कोटींहून जास्त रुपये पडले. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई होती. अमेरिकेने पिटमन कायद्याखाली सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी ब्रिटनला विकली होती. म्हणजे आपल्या घरच्या १९१८ च्या रुपयात कुठल्यातरी अमेरिकन डॉलरचा अंश असणं अगदी शक्य आहे. १९२२ मध्ये मात्र मुंबईत जेमतेम २० लाख पडले. दोन्ही रुपये दिसायला जुळे, ठिपकाही तोच. चार वर्षांचं अंतर आणि शंभरपट संख्या. मी रांगोळीने घासला तो यातला दुसरा.

१९११ चा रुपया संख्येपेक्षा त्याच्या कहाणीमुळे महाग झाला. राजाच्या झग्यावर बारीक हत्ती कोरला होता, त्याची सोंड इतकी आखूड दिसत होती की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती नव्याने कोरला गेला. १९११ सापडला तर तो वेगळ्या पाकिटात ठेवा, झिजलेला असला तरी.

घरात ज्याला 'पौंड' म्हणतात ते सोन्याचं नाणंही पाहा. १९१८ मध्ये मुंबईत ब्रिटिश सॉव्हरिन पाडले गेले, सुमारे १३ लाख, फक्त त्या एका वर्षी. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, वर्षाच्या जरा वर, इंग्रजी 'आय' असेल तर तो आपल्या फोर्टातल्या टांकसाळीचा. सोनाराकडे तो मोडण्याआधी एकदा भिंग लावाच.

स्वातंत्र्यानंतरच्या खुणा सोप्या आहेत. वर्षाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे १९८८ ला सुरू झालेली नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर मध्ये ठिपका असलेली किंवा दुभंगलेली चौकटही दिसते, ती मुंबईची समजू नका. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांवर, 'बी' असे. शहराचं नाव बदलल्यावर तो 'एम' झाला. १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर 'एच' आहे, ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून आणलेली. पण खरं सांगायचं तर या काळातली बहुतेक नाणी कोट्यवधींनी पडली, आणि हातोहात फिरलेल्या नाण्याला दर्शनी किमतीपलीकडे फारसं काही मिळत नाही. इथे अगदी कोरं, न वापरलेलं नाणंच काही भाव आणतं.

तिसरी पायरी: झीज वाचा

झीज सर्वांत आधी सर्वांत उंच भागावर दिसते. म्हणून प्रत्येक राजाच्या चेहऱ्यावर कुठे पाहायचं ते ठरलेलं आहे. व्हिक्टोरिया: गाल, कानावरची केसांची वळणं, झग्याच्या छातीवरचं नक्षीकाम. एडवर्ड बोडका आहे, त्याच्या कानाची वरची कड आणि कानावरचे केस. पाचवा जॉर्ज: मुकुटाच्या पट्टीतले खडे, कान, मिशी. अशोकस्तंभाच्या नाण्यांवर मधल्या सिंहाचा चेहरा आणि आयाळ.

आता दिवा एका बाजूला ठेवून नाणं सावकाश गोल फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात आणि ते उंच भागावरूनही अखंड जातात. पट्टा गालावर किंवा कानावर तुटला आणि तिथे मंद राखाडी डाग दिसला तर नाणं थोडं का होईना वापरलेलं आहे.

बाजारात इंग्रजी नावंच चालतात. 'यूएनसी' म्हणजे अजिबात न वापरलेलं. 'एयू' म्हणजे फक्त उंच टोकांना पुसट झीज. 'एक्स्ट्रा फाइन' मध्ये केसांच्या बटा वेगळ्या मोजता येतात. 'व्हेरी फाइन' मध्ये मोठ्या बटा दिसतात, बारीक मिळून गेलेल्या असतात. 'फाइन' मध्ये केस म्हणजे एक सपाट डाग, पण अक्षरं आणि वर्ष स्वच्छ. त्याखाली नुसती आकृती उरते. जगभरच्या ग्रेडिंग कंपन्या १ ते ७० अशी श्रेणी देतात. ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकन सेंटसाठी मांडली होती.

शिकताना प्रत्येक जण आपल्या नाण्याला एक पायरी जास्त देतो. मीही द्यायचे. उपाय सोपा आहे: एकाच राजाचे पाच-सहा रुपये शेजारीशेजारी ठेवा आणि सर्वांत झिजलेल्यापासून सर्वांत चांगल्यापर्यंत ओळ लावा. एकटं नाणं नेहमी सुंदरच दिसतं.

झीज आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुतळ्यांच्या माळेसारखी माळ करायला रुपयाला कडी डाखवलेली असते. ती काढली तरी डाखाचा खडबडीत ठिपका राहतो, आणि नाणं कितीही ठसठशीत असो, त्याची किंमत बहुतेक वेळा चांदीच्या जवळ येते. सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेले छाप, कडेला पडलेले खोक, भोक पाडून बुजवल्याच्या खुणा, हे सगळं तसंच. घासलेलं नाणं ग्रेडिंग कंपनीकडे पाठवलं तर ते श्रेणीचा आकडा न देता 'साफ केलेलं' असा शेरा मारून परत करतात. पाठवण्याचा खर्च वाया जातो, म्हणून घरीच ओळखायला शिका. भिंगाखाली एकाच दिशेने किंवा गोलाकार जाणारे केसासारखे ओरखडे दिसले, आणि अक्षरांच्या खोबणीत काळं पण सपाट भाग पांढराफेक असेल, तर ते घासलेलं आहे.

शिवराईला आणि पेशवाईतल्या रुपयांना हे माप जसंच्या तसं लावता येत नाही. ती हाताने ठोकलेली नाणी. ठसा मोठा, धातूचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो. तिथे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' यातली किती अक्षरं नाण्यावर आली आहेत, याला झिजेइतकंच महत्त्व आहे. ठोकताना न उमटलेलं अक्षर आणि वापराने गेलेलं अक्षर यातही फरक आहे: न उमटलेल्या जागी धातूचा मूळ खडबडीतपणा दिसतो, झिजलेली जागा गुळगुळीत असते. खूण मात्र इथेही नाण्याला नाव देते. पुण्याच्या अंकुशी रुपयाचं नाव त्याच्यावरच्या अंकुशावरूनच पडलं. यात खोल जायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय एक दिवस काढून पाहा.

चौथी पायरी: खोटं ओळखा

महागड्या वर्षाचीच नक्कल होते. १९३९ चा रुपया हा ९१.७ टक्के चांदीचा शेवटचा, तो फार थोडा बाहेर आला, म्हणून तो बाजारात मिळतो तेव्हा बहुतेक वेळा बनावटच असतो. दुसऱ्या वर्षाचा आकडा कोरून १९३९ केलेलेही आहेत. वर्षाचे चारही आकडे भिंगाखाली एकाच उंचीचे, एकाच वळणाचे आहेत का ते पाहा.

घरबसल्या करता येणारी खात्रीची चाचणी पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून वजन शून्य करा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या जुन्या रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे चांदी नसलेल्या तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रणाचा, तेवढ्याच वजनाचा रुपया १.३४ च्या आसपास दाखवेल. रुपया झिजून हलका झाला असेल तर त्याच्या वजनाला या आकड्याने भागा, उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवं.

राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र, 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि '१८१८' असं लिहिलेली तांब्या-पितळेची नाणी गावोगाव 'लाखाची' म्हणून दाखवली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ते देवस्थानी विकले जाणारे टोकन आहेत. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवा, पैसे देऊन घेऊ नका.

भाव काढताना

खूण आणि स्थिती एकत्र कशा धरायच्या? माझा अनुभव असा की सर्वसाधारण वर्षाच्या नाण्यात स्थितीच सगळं ठरवते: १९१८ चा झिजलेला रुपया चांदीच्या भावाला जातो, तोच न वापरलेला असेल तर कित्येक पट. दुर्मीळ वर्षाच्या नाण्यात खूण आधी बोलते. झिजलेलं असलं तरी घेणारा मिळतो, कारण त्याला आपल्या संग्रहातली ती जागा भरायची असते. दुर्मीळ खूण आणि कोरी स्थिती एकत्र आली की भाव नुसता वाढत नाही, उडी घेतो. अशा एखाद्याच नाण्यासाठी ग्रेडिंगचा खर्च करा, सगळ्या डब्यासाठी नको.

विक्रीच्या जाहिरातींतले आकडे पाहून भाव ठरवू नका. त्या मागितलेल्या किमती असतात. नाणेलिलावांचे निकाल इंटरनेटवर मिळतात, त्यात प्रत्यक्ष विकलेली किंमत आणि मोठा फोटो असतो. आपल्या नाण्याचं वर्ष, खूण आणि झीज तिघेही जुळतील असे तीन-चार निकाल शोधा.

"तुमच्या वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख देतो, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क आणि कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः सावध केलं होतं. खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाचीला आजीची आठवण म्हणून राणीछाप द्यायचा असेल तरी तो सामानात टाकू नका. आणि शेतात नांगरताना हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

ठेवायचे कसे

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतून काही वर्षांत हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. मायलर नावाच्या पॉलिस्टर प्लास्टिकची कडक पाकिटं घ्या. एका पाकिटात एकच नाणं, आणि पाकिटावर वर्ष, खूण, वजन, कुणाकडून आलं ते लिहा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी डब्यात सिलिका जेलच्या नव्या पुड्या टाका. लाकडी कपाट आणि रबरबँड दोन्ही टाळा, त्यांतली रसायनं आणि गंधक चांदी काळी करतात.

पूजेचं काय, हा प्रश्न आमच्या घरीही आला. आईला रुपयांशिवाय ताट रिकामं वाटतं. आम्ही दोन सर्वांत झिजलेले १९१८ चे रुपये पूजेसाठी वेगळे काढले. हळद-कुंकू त्यांनाच लागतं, चिंचही त्यांनाच. बाकीचे सतरा पाकिटातच ताटाशेजारी ठेवतो, आणि बावीसचा त्यांच्यात वरच्या बाजूला असतो.